इंजिन कुणासाठी बांधायचं

७ मार्च

डेलमार मेकॅनिक इंजिन दुरुस्तीला घेऊन गेला. सप्टेंबरपासून गॅरेजात साखळीला लटकत होतं. व्हर्नने गाडीतून उतरवलं आणि ऑक्टोबरात व्हर्नच गेला. आता नुसती साखळी राहिली आहे. दार लावून घेतलं.

डेलमारला म्हटलं, "होतं तसं करून दे."

"होतं तसं म्हणजे कसं, नेवा? एकोणसत्तर साली कारखान्यातून आलं तसं, की गेल्या वर्षी धूर ओकत होतं तसं?" मग टोपी मागे सारली. "गाडी कोण चालवणार, ते सांग आधी."

त्याचा काय संबंध, म्हटलं.

"सगळा संबंध! प्रदर्शनात उभी करायची असेल तर एक इंजिन. शर्यतीत पळवायची तर दुसरं. रोज चालवायची तर तिसरं. माणूस कळल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही."

त्या पॉन्टिअ‍ॅक गाडीत मी जन्मभर व्हर्नच्या शेजारी बसले. तिच्या क्लचला माझा पाय कधी लागलेला नाही.

केकचे दोन तुकडे खाऊन गेला.

१० मार्च

टोलीडोहून कर्टिसचा फोन. "आई, खोक्यात बंद असं तयार नवं इंजिन मिळतं. ताकद जास्त, कटकट नाही. बाबांचं ठेव कोपऱ्यात स्टँडवर, वर चादर घालून."

म्हटलं, तुझ्या बापावर घातली तेवढी चादर पुरे.

पोरगा वाईट नाही. त्याला वाटतं, नवं आणलं की दुखणं थांबतं.

१८ मार्च

व्हर्नचं दुरुस्तीचं जाडं पुस्तक काढलं. पानोपानी त्याचे तेलकट अंगठे. मी शाळा अर्ध्यात सोडलेली. पुढचं सगळं वाचन लायब्ररीतून, आपलं आपण. पण असलं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. स्वयंपाकाच्या पुस्तकापेक्षा सोपं निघालं — "चवीपुरतं" कुठेच लिहिलेलं नाही!

३ एप्रिल

चर्चच्या तळघरात जेवण होतं. अख्ख्या टेबलाला माझ्या इंजिनाचीच काळजी. एक म्हणाला, "गाडीबरोबर आलेलं मूळ इंजिन आहे, नेवा, एक स्क्रू बदलू नकोस!" दुसरा म्हणाला, "सिलिंडर मोठे करून घे, उडेल नुसती!" कुठे उडायचंय मला?

शेवटी शेजारच्या फ्रान्सिनने हॅमचं ताट त्यांच्यापुढे आपटलं. "एका इंजिनाला इतके नवरे! गप जेवा."

मला खरं तर एकच हवं आहे — तो आवाज. धान्याच्या कोठारापाशी गाडी वळली की घरात ऐकू यायचं. धडधड-धडधड, आणि मध्येच एक ठोका चुकलेला. तो ऐकला की मी चॉप्स तव्यावर टाकायची. कुंपणापलीकडून फ्रान्सिन ओरडायची, "आला गं तुझा!" हात धुऊन व्हर्न टेबलाशी येईपर्यंत ताट तयार.

तो आवाज परत मिळाला तर बाकी काहीही करा.

१४ एप्रिल

डेलमारने त्याच्या वर्कशॉपमध्ये बोलावलं. इंजिन सुटं करून टेबलावर मांडलेलं. त्याने एक लांब दांडा माझ्या हातात दिला. झडपा उघडणारा तो कॅम — पुस्तकात चित्र पाहिलं होतं. अंगावर अंड्यासारखे उंचवटे. त्यातल्या एकावर त्याने माझा अंगठा नेऊन ठेवला. उंचवटा नव्हताच. झिजून गोल झालेला.

"आठांतला सहावा सिलिंडर. झडप पुरती उघडतच नव्हती. वर्षानुवर्षं लंगडत होता बिचारा."

"तो चुकलेला ठोका?"

"तोच."

म्हणजे तो गाडीचा आवाज नव्हता. बिघाडाचा होता.

तसाच ठेवता येईल का, विचारलं. तो हसला नाही. "येईल. पण झिजलेलं लोखंड तेलात उतरतं आणि तेल सगळीकडे फिरतं. दोन उन्हाळे काढेल फार तर. मग मूळ इंजिन भंगारात."

आवाज ठेवला तर इंजिन जाणार. इंजिन ठेवलं तर आवाज.

१५ एप्रिल

काही नाही. पाऊस. चॉप्स केले, एकच खाल्ला.

२१ एप्रिल

डेलमार आला. आत येईना. पायरीवरच चुळबुळत उभा.

"एक बोलायचं राहिलं. तो कॅम बदल, असं मी व्हर्नला चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. म्हणाला, राहू दे. मी आलो ते नेवाला त्यावरून कळतं. चॉप्स गरम मिळतात."

मी दाराची चौकट धरली.

"मग गेल्या वर्षी का उतरवलं इंजिन?"

"धूर यायला लागला ना. म्हणाला, आता नाइलाज आहे. कोठारापाशी हॉर्न वाजवत जाईन."

मूर्ख माणूस! चार वर्षं चांगलं इंजिन झिजवलं, गरम चॉप्ससाठी.

तो गेल्यावर पायरीवर खूप वेळ बसून होते.

२२ एप्रिल

डेलमारला फोन केला. "रोज चालवायची. इंजिन कारखान्यातून आलं तसं बांध. आठही ठोके सरळ."

"चालवणार कोण?"

सांगितलं. इथे अजून लिहीत नाही, लिहिलं तर अवसान जाईल.

मग म्हणाला, "क्लच फार जड आहे. जरा हलका करून देतो."

२८ मे

इंजिन गाडीत बसवलं, आज सुरू केलं. नवा कॅम पहिल्यांदा जोरातच पळवावा लागतो, वीसेक मिनिटं, न थांबता. लगेच सावकाश चालू दिला तर पहिल्याच दिवशी झिजतो. चर्चचे सगळे सल्लागार कॉफीचे पेले घेऊन हजर. एकाने "जरा खरा आवाज ऐकू दे की!" म्हणत वेग कमी करायला हात पुढे केला. डेलमारने त्या हातावर फाडकन चापट मारली. "हात खिशात ठेव!"

मग वेळ झाली आणि डेलमारनेच वेग उतरवला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी सहाव्याची वाट बघत उभी. चुकलाच नाही. आठही सरळ. अनोळखी माणूस दारात बोलत असावा तसं वाटलं.

"आई, रडतेस?" टोलीडोहून आलेल्या कर्टिसने विचारलं.

"धूर गेला डोळ्यांत."

"आता धूर येतच नाही, आई."

११ जून

गाडी घेऊन पोस्टापर्यंत जाऊन आले. क्लच सोडताना चौकात दोनदा बंद पडली. कोठारापाशी वळताना हॉर्न वाजवला. फ्रान्सिन हात पुसत कुंपणाशी आली.

"आवाज ओळखलाच नाही गं. म्हटलं, कोण आलं?"

"मी," म्हटलं.