श्वास की घरघर

ता. ९ मार्च

ती. ताईस ठमीचा सा. न. वि. वि.

पत्र नीट लिहावं म्हणून तिसऱ्यांदा बसलेय. काल कारखान्यात आमचे बाइंडिंगमास्तर कोसळले. मी पुस्तकाचे छापील फर्मे शिवत होते, ते समोर पुठ्ठ्यांना कापड चिकटवत होते. टाका सैल पडतोय, असं मला म्हणाले आणि पुढचं बोलायच्या आत जमिनीवर. मला वाटलं, काही पडलंय ते शोधताहेत.

मग नुसता गोंधळ. कोणी म्हणे फिट आलीय, कोणी म्हणे पित्त. एकीने तोंडावर पाणी मारलं, दुसरा पाजायला धावला. ते भांडं मात्र मी हिसकावून घेतलं. मालकांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. तू शिकवलेले प्रथमोपचार सगळे डोक्यात होते, पण उलटसुलट. मास्तर हाकेला उठत नव्हते, मधूनच घोरल्यासारखा आवाज करत होते. मला वाटलं, श्वास चालू आहे, मग छाती कशाला दाबायची? नुसती बसून राहिले. किती वेळ, देव जाणे. आवाज थांबला तेव्हा दाबायला लागले. जरा वेळाने हाताखाली कट्‌कन काहीतरी मोडलं, ताई. तरी दाबत राहिले.

रुग्णवाहिकावाल्यांनी विजेचा झटका देऊन त्यांना नेलं. अजून बेशुद्ध आहेत. त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, की बरगडी तू मोडलीस का. मी हो म्हटलं. मी त्यांना वाचवलं की मारलं, काहीच कळत नाही.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ठमी

ता. १३ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

बरगडीचं आधी सांगते, म्हणजे दोन घास खाशील. छाती जोर लावून दाबली की पुष्कळदा बरगडी मोडते. वॉर्डात माझ्या हाताखालीही मोडल्यात. बरगडी सांधते गं.

आता दुसरं, आणि ते खोटं सांगणार नाही. ती घरघर श्वास नव्हता. माणूस हाकेला ओ देत नाही आणि मधूनच तसा आवाज करतो, तेव्हा लगेच दाबायला लागायचं. थांबलीस ती चूक झाली.

मला हे इतकं पक्कं का ठाऊक, ते तुला सात वर्षं सांगितलं नाही. बाबा गेले तेव्हा मी पोचण्याआधीच सगळं संपलं होतं, असं मी तुम्हाला सांगितलं. मी घरातच होते, ठमे. तू कामावर, आई बाजारात. नर्स होऊन मला तीन वर्षं झाली होती. बाबा तसेच घोरत होते आणि मी त्यांची उशी सारखी करत बसले. आवाज थांबला तरी हात उचलले नाहीत. का, ते अजून कळलेलं नाही. तू निदान दाबलंस.

वाटलं तर लिही, नाही तर थोडे दिवस लिहू नकोस. माया आहे तिथेच आहे.

तुझी ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस सा. न.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. एक दिवस तुझा भयंकर राग येतो, दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठीच रडू. आईला काही बोलले नाही. बोलायचं असेल तर तूच बोल.

मास्तर घरी आलेत. हसलं की बरगडी दुखते, म्हणून मला बघून हसू आलं की तोंड फिरवतात. त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नाही. मी थांबले होते, हेही मी त्यांना सांगून टाकलं. मग म्हणाले, मला तरी कुठे कळलं असतं, कारखान्यात कुणालाच कळलं नसतं. तेव्हा सगळ्यांना शिकव. त्यांच्या बायकोने तेवढ्यात चहा आणला आणि कप माझ्यापुढे सरकवला.

रविवारी मालक सगळ्यांना बसवणार आहेत. शिकवायला तू ये. बाबांचं तिथे सांगायचं की नाही, तुझं तू ठरव; मी शेजारी उभी राहीन. माझा राग पुरता गेलाय की नाही, मला कळत नाही. उतरायचं मात्र माझ्याकडेच.

ठमी