चार नंबरचं टेबल

१४ ऑक्टोबर, सोमवार
आज लातुरात नोकरीला लागलो. मेडिकल कॉलेज, डॉक्टरकीची पोरं मुडदे चिरून शिकतात तो हॉल, त्यातला अटेंडंट. इस्लापुरातून निघताना बहीण उज्वलानं ही वही दिली. वरती तिच्या अक्षरात माझं नाव घातलं, दयानंद. म्हणली, दादा, रोज दोन ओळी लिही, म्हणजे टिकशील. पुण्यात मी चार महिने टिकलो, हैदराबादेत दोन. यावेळी आईला शब्द दिलाय, वर्षभर हलणार न्हाई. माझ्या वरचे ईश्वरप्पा मामा निलंग्याकडचे, सव्वीस वर्षं इथंच. त्यांनी मुरमुऱ्याचा सुशीला खाऊ घातला आणि मुडद्यांच्या टेबलांकडं बोट करून म्हणले, आपले लोक लई गरीब हायत, कुणी उलटून बोलत न्हाई. मी हसलो.

१६ ऑक्टोबर
आज नवीन पोरं आली. पांढऱ्या कोटाच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. इथली एक रीत हाय. मुडद्याचं नाव कुणालाच सांगत न्हाईत, म्हणून पोरांनी त्याच्या पायावर हात ठेवून आपलं नाव सांगायचं. मग पोरं रुळतात म्हणे. हजेरी मात्र नंबरानं. चार नंबरच्या टेबलावर एक म्हातारा हाय. तिथं मुदखेडची समीक्षा होती, रोल नंबर बावीस. नाव सांगायच्या आधीच बाहेर जाऊन ओकली. मामांनी मला बजावलं, तू आपलं नाव कधी घेऊ नको आत. का, ते सांगितलं न्हाई. मीबी त्यांना मामाच म्हणायचं, आतमधी हाक मारायची तर नुसतं ओ म्हणायचं.

२१ ऑक्टोबर
बाकीची पोरं रुळली. औषधाच्या वासातच वडापाव खातात. समीक्षा एकटी पायरीवर बसून रडून राहिली होती. मला विचारलं, दादा, तुम्हाला कसं जमतं? म्हणलं, मलाबी जमत न्हाई, बॅग भरून ठेवलीय. ती पहिल्यांदा हसली. मग सरांनी आत बोलावलं. तिनं म्हाताऱ्याच्या पायावर हात ठेवून नाव सांगितलं.

२३ ऑक्टोबर
समीक्षा रडत न्हाई. हात एकदम स्थिर. मला ओळख दिली न्हाई. तिला जमलं, मला का न्हाई? आईला दिलेला शब्द हाय. मामा चहाला गेल्यावर मी म्हाताऱ्याच्या पायावर हात ठेवला. नाव सांगितलं. पाय गरम लागला. उन्हामुळं असंल.

२६ ऑक्टोबर
छान वाटून राहिलंय. बॅग रिकामी केली. भूक न्हाई. बाकी छान.

२८ ऑक्टोबर
समीक्षाचे वडील तिला दिवाळीला न्यायला आले. ती समोर उभी असून त्यांनी तीनदा हाक मारली. तिनं बघितलंबी न्हाई. म्हणली, मी बावीस. तेवढ्यात हाकेला ओ आली — बंद हॉलमधून. तिच्याच आवाजात. वडील दाराकडं पळाले. मामांनी आडवं येऊन दार धरलं.

२९ ऑक्टोबर
मामांनी विचारलं, तू म्हाताऱ्याला नाव सांगितलंस का रे. मी हो म्हणून मान हलवली. ते खालीच बसले. म्हणले, आत्ताच्या आत्ता गाव गाठ, स्टँडवर जा. स्टँडपर्यंत गेलो. कंडक्टरनं विचारलं कुठं जायचं. मला गावाचं — सांगता आलं न्हाई. परत आलो. इथली वाट पायांना ठाऊक हाय.

३० ऑक्टोबर
वहीवर कुणाचं तरी नाव हाय. दयानंद. अक्षर बाईमाणसाचं. वही त्याची असंल, तर मी का —

मामा दिसत न्हाईत.

तारीख —
दुपार. खिशातला फोन वाजून राहिलाय. एक बाई रडते. आई बोलते म्हणते. दयानंद पाहिजे, दिवाळीला येतो म्हणला होता. म्हणलं, थांबा बाई, बोलवतो. हॉलच्या दारात उभा राहून हाक मारली.
आतून ओ आली.
फोनमधली बाई म्हणली, हाव, हाच, हाच माझा —
चार नंबरच्या टेबलावरची चादर सरकली. तो फोन मागून राहिलाय. हात पुढं केलाय त्यानं. आणि टेबलावरची जागा मला दाखवून —