गालिच्यावरचा काटा

हिंगोली,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. पल्लवीस अ. आ. व सप्रेम जयभीम. वि. वि.

तीन वर्षांनी तुला लिहीत आहे. मी चुकलो, हे वाक्य लिहिण्याचा मला सराव नाही. म्हणून ते आरंभीच लिहून टाकतो.

मंगल कार्यालयातली ती अंतिम शर्यत आठव. राखाडी गालिचा अंथरून आखलेल्या मार्गावर तुझी निळी रिमोटची गाडी शंकरसिंगच्या गाडीपुढे अर्धी फेरी होती. सकाळी मीच ती टेबलावर तोलून १३२२ ग्रॅम लिहिले होते. किमान १३२० हवे. शर्यतीनंतर काट्याने १३११ दाखवले. मधल्या सुटीत तू वजन भरण्यासाठी चिकटवलेली शिशाची पट्टी काढलीस, असे मी अकरा जणांसमोर म्हणालो. काटा उघड्या फरशीवर ठेवून पाहा, एवढेच तू मागितलेस. पदार्थविज्ञान मला शिकवू नकोस, असे मी सुनावले आणि तुला बाद करून करंडक शंकरसिंगला दिला.

परवा काटा पुसताना त्यावर एक किलोचे पितळी वजन ठेवले. टेबलावर नेमके हजार. मग गालिच्याच्या त्याच तुकड्यावर: ९९१. त्या दुपारी टेबल करंडकांसाठी लागले, म्हणून मी काटा खाली घेतला होता. गुळगुळीत फरशीवर तो तसूभरही सरकू नये, म्हणून खाली तो तुकडा घातला होता. काट्याचे पाय रुतले, पोट टेकले आणि थोडा भार गालिच्याने उचलला. इतरांच्या गाड्या वीस-तीस ग्रॅमने जड होत्या; त्या सुटल्या. जास्तीचा ग्रॅम वाहू नये, हे माझे सांगणे पाळणारी तू एकटीच होतीस. म्हणूनच सापडलीस.

१६ फेब्रुवारीला पुन्हा शर्यत आहे. गाडी घेऊन ये.

तुझा मामा,
उत्तमराव

शिरड शहापूर,
दि. २६ जानेवारी २०२५

ति. मामांस सविनय जयभीम.

सारा जिल्हा फोनवर बोलतो आणि तुमचं मात्र पाकीट येतं. पोस्टमनने ते शाळेत दिलं, तेव्हा मुलांना वाटलं बाईंची बदली झाली.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की तुझ्या मामाला लहानपणापासून खोड, भाकर गोल न्हाई म्हणून परत करायचा. माझी, या जनकाबाईची, भाकर परत केली, तशी जनकाबाईची लेक परत केली. आता काहून हळहळून राहिला, असंही विचारलं. मग पदराने डोळे तीच पुसत बसली.

मामा, शर्यतीच्या त्याच संध्याकाळी मी गाडी किराणा दुकानात तोलली होती. १३२२. तो आकडा तुम्हाला कळवला नाही. काटा चुकला याचं मला दुःख नव्हतंच. दर शनिवारी माझ्या शेजारी बसून चाकांचे बेअरिंग धुणाऱ्या माणसाला मी पट्टी मुठीत लपवीन असं वाटलं, याचं होतं.

नंतर एकदा नांदेडला शर्यतीत गेले. भीतीने तीस ग्रॅम जादा शिसं चिकटवलं. प्रत्येक वळणावर गाडी बैलगाडीसारखी बाहेर फेकली जायची. चारदा तोलली आणि अंतिम फेरी न धावताच परतले. आता तिची मोटार शाळेतल्या पवनचक्कीची पाती फिरवते. बोलावू नका.

एक मात्र सांगते. आरोप अकरा जणांसमोर आणि माफी बंद पाकिटात, हे बराबर न्हाई असं आई म्हणते. मीही म्हणते.

तुमची,
पल्लवी

हिंगोली,
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. पल्लवीस अ. आ. व सप्रेम जयभीम.

काल बोललो. त्या अकरांपैकी चौघेच आले होते. उरलेल्यांनी छंद सोडला किंवा गाव सोडले. चौघांसमोर पितळी वजन आधी टेबलावर, मग गालिच्यावर ठेवून दाखवले. कोणी हसले नाही. हसले असते तर सोसले असते. शंकरसिंग म्हणाला की प्रोफेसरसाब, पल्लवी असे करणार नाही हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, फक्त तुम्हालाच नव्हते. मग तो घरी जाऊन करंडक घेऊन आला. तीन वर्षे तो फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता म्हणे.

उरलेल्या सात जणांना स्वतंत्र पत्रे लिहीत आहे. तपासणीचे काम शंकरसिंगकडे सोपवले. त्याने काटा उघड्या फरशीवर मांडला, गाड्या तोलल्या, मी बाजूला बसून आकडे ऐकत होतो. एकही गाडी १३४०च्या खाली नव्हती. १३२२ पुन्हा ऐकू येईल, असे आता वाटत नाही.

करंडक माझ्याकडे आहे. टपालाने पाठवणे मला बरे वाटत नाही. ताईला विचार, येऊ का. भाकर कशीही वेडीवाकडी असली तरी चालेल, असे तिला सांग.

लोभ पूर्वीइतका मागत नाही. उरला असेल तेवढा असू द्यावा.

तुझा मामा,
उत्तमराव