आपुलकीच्या घराची जाहिरात

ता. ४ मार्च

चि. छोट्यास,

अ. आ. आशीर्वाद लिहायची पद्धत म्हणून लिहिले आहेत, मनातून आलेले नाहीत. फोनच केला असता, पण घराच्या भिंती पातळ आणि आईची नोकरी टेलिफोन एक्सचेंजमधली. तिचे कान अजून तिखट आहेत.

मी दातांच्या कवळ्या बनवते त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आई रोज दुपारी विणकामाचे नमुने बघते, हे तुला माहीत आहे. तू येऊन गेल्यापासून स्वेटरच्या बाह्यांखाली वृद्धाश्रमाची जाहिरात येते आहे. बाकावर हसणारं म्हातारं जोडपं, खाली 'ज्येष्ठांसाठी आपुलकीचं घर'. हवामान बघायला जावं तर तिथेही तेच दोघे हसतायत. आई स्क्रीनवरची साच्यांच्या प्लास्टरची भुकटी पुसते आणि नमुना न उतरवताच उठते.

चार दिवस पाहुणा म्हणून आलास, गिळलंस, झोपलास आणि वर हे उद्योग करून गेलास. वृद्धाश्रम शोधायचाच होता तर स्वतःच्या फोनवर शोधायचा. वेबसाइटी बनवून पोट भरतोस आणि एवढी अक्कल नाही? आईला मी सांभाळते, तू नाहीस, हे लक्षात असू दे.

लोभ असावा असं या वेळी लिहवत नाही.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं, शिव्याही पोचल्या.

आता माझं ऐक. एखादी साइट उघडलीस की ती तुझ्या कॉम्प्युटरमध्ये एक चिठ्ठी ठेवून जाते. तिला कुकी म्हणतात. तीच चिठ्ठी वाचून जाहिरातवाले तुझ्या मागे लागतात. मशीन हळू चालतं म्हणून तूच मला दुरुस्तीला बसवलंस, तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या तारखेसकट दिसल्या. त्या आश्रमाची चिठ्ठी होती तीन फेब्रुवारीची. मी आलो नऊ तारखेला. चोराच्या उलट्या बोंबा कशाला?

तेव्हाच बोललो नाही, कारण मला वाटलं, बरं झालं, ताईनेच मनावर घेतलं. निदान मला तरी तो विषय काढावा लागणार नाही. आता सगळं माझ्या माथी मारून तू साळसूद होणार असशील तर गप्प कोण बसेल?

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. राग गेला की उत्तर लिही. लोभ वाढवू नकोस, उरलाय तेवढा पुरे.

छोट्या

ता. १७ मार्च

चि. ताई आणि चि. छोट्या,

अ. उ. आ. दोघांना एकच मजकूर लिहिते आहे, म्हणजे मी कुणाची बाजू घेतली म्हणून पुन्हा भांडायला नको.

परवा ताईने छोट्याचं पत्र माझ्यापुढे आपटलं आणि 'तुझ्या लाडक्याचे प्रताप वाच' म्हणाली. तिने स्वतः काय लिहिलं होतं, तेही तावातावाने सांगितलं. मी तीस वर्षं लोकांचे कॉल जोडले. कॉल लागला की कान काढून घ्यायचा, हा आमचा नियम होता. तुम्ही मात्र बळेच ऐकवलंत.

तीन फेब्रुवारीला ती साइट मी उघडली होती. जिना चढताना मला दोनदा बसावं लागतं. म्हटलं, असं घर असतं तरी कसं, ते बघावं. मग ती जाहिरात मागे लागली. चिठ्ठ्या कशा पुसायच्या, ते छोट्याने मला गेल्या वर्षी शिकवलं होतं. मी मुद्दाम पुसल्या नाहीत. वाटलं, जाहिरात दिसली की दोघांपैकी कुणीतरी म्हणेल, आई कुठेही जायची नाही.

ताईला राग आला तो तिच्या मशीनवर शोधल्याचा. छोट्याला बरं वाटलं. शोधलं कुणी, यावर दोघं हमरीतुमरीवर आलात, पण 'आईला तिकडे पाठवायचं माझ्या मनातही येणार नाही', असं एकानेही लिहिलं नाही. ते मला फार लागलं.

काल दाताच्या डॉक्टरकडे म्हणून गेले, ती तिकडेच. खोली तळमजल्यावर आहे, खिडकी मोठी आहे. पहिल्या तारखेपासून मी तिथे राहणार आहे. अर्जावर मीच सही केली.

छोट्या, ती साइट उघडताच तुझ्या धंद्यातली ती पाटी आली होती, चिठ्ठी ठेवायला तुमची संमती आहे का म्हणून. 'हो' मोठ्या अक्षरात, 'नाही' फिकट. तुझ्यासारख्याच कुणीतरी लबाडीने केलेली असणार. पण या सगळ्या प्रकरणात मला विचारलं ते तेवढ्या पाटीनेच.

माझा लोभ आहे तसाच आहे, तुमचा असेल तर राहू द्या. भेटायला दोघं मिळून या. येण्याआधी मला विचारा.

तुमची आई