दोनशे बारा भोकं

मांडवी, रत्नागिरी
१२ एप्रिल १९३३

चि. महिपत यास सावित्रीताईचे अ. उ. आ. वि. वि.

तू मुंबईहून धाडलेलं रसयंत्र आगबोटीने सुखरूप पोचलं. वाटेत बुडालं असतं तर मी देवाला नारळ दिला असता.

गेल्या महिन्यात इथे वाचनालयात एका निसर्गोपचारवाल्याचं व्याख्यान झालं. शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न, असं तो म्हणाला, आणि आमच्या मामंजींनी ते वेदवाक्य मानलं. अठ्ठावीस वर्षं आगबोटीवर खलाशांचा म्होरक्या, सारंग म्हणून काढलेला माणूस, म्हावऱ्याशिवाय ज्याचा घास उतरत नसे, तो आता दुधीचा, गाजराचा नि कडुलिंबाचा रस पितो. आठ तारखेपासून चाळीस दिवसांचा नेम धरलाय. मी माझ्यापुरता बांगडा भाजला की मामंजी खिडकी लावून घेतात, पण जरा उशिरानेच हो!

रस काढायला ते हौसेने उभे राहतात, दांडा गरगर फिरवतात. धुवायचं मात्र मी. सात तुकडे सुटे होतात, त्यात एक चाळण. तिला दोनशे बारा भोकं आहेत, मी मोजलीत. प्रत्येक भोकात चोथा अडकतो आणि तो माडाच्या झावळीच्या हिराने टोचून टोचून काढावा लागतो, दिवसातून पाच वेळा. मग मामंजी चाळण उजेडाकडे धरून दुर्बिणीतून बघावं तसे बघतात. एक भोक बुजलेलं दिसलं की पुन्हा धू. घासायच्या लिंबाने नि राखेने बोटांना चिरा पडल्यात, तेव्हा माझ्या अक्षराला हसू नकोस मेल्या.

हेही मी हसत केलं असतं. पण आपल्या धाकट्या मालनचं लग्न चौदा मेला. आपल्यात पहिली हळद आईची, आई नसेल तर थोरल्या बहिणीची. आई जाऊन तीन वर्षं झाली. मी नाही तर पोरीला हळद लावणार कोण? मामंजींना विचारलं तर म्हणाले, नेम सतरा मेला पुरा होईल, तोवर यंत्र कोण धुणार? सारंगाने का भांडी घासायची? तुझे भावोजी बोटीवर, ते पावसाच्या तोंडावर येतील. घरात आम्ही दोघंच. तेव्हा असं एखादं यंत्र शोध, जे धुवायला मामंजींनाही जड जाणार नाही.

तब्येतीला जप, आणि ताईची आठवण ठेव.
तुझी सावित्रीताई


गिरगाव, मुंबई
२० एप्रिल १९३३

ती. ताईस महिपतचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग खजील झालो. ते यंत्र घेताना मी काय पाहिलं असेल? त्याचा हिरवा रंग! चाळण उघडूनसुद्धा बघितली नाही.

रविवारी सकाळपासून दुकानं पालथी घातली. एकाने काचेची वाटी दाखवली, मधे उंचवटा असलेली. धुवायला झकास, पण ती लिंबू-मोसंब्यापुरती, दुधीला काय कामाची? दुसऱ्याकडे चकचकीत यंत्र होतं. मी म्हटलं, माझ्यासमोर सुटं करा नि पुन्हा जोडा. बिचारा अर्धा तास घामाघूम झाला आणि शेवटी एक स्क्रू हातात उरला. तिसरा दुकानदार म्हातारा बोहरी. भोकं टोचून बघायला मी खिशातून माडाचा हीर काढला तसा तो चमकला. सगळी हकीकत ऐकल्यावर म्हणाला, तीस वर्षं दुकान चालवतोय, रस किती निघतो हे सगळे विचारतात, धुणार कोण हे विचारणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच.

त्याने आतून एक दाबयंत्र काढलं. पांढऱ्या मुलाम्याच्या दोन थाळ्या नि एक लांब दांडा, बस्स. चाळण नाहीच. भाजी किसून पंच्यात बांधायची, थाळीत ठेवून दांडा दाबायचा. तिथेच गाजर पिळलं आणि दुकानाच्या नळाखाली मी स्वतः धुतलं. वीस आकडे मोजायच्या आत लख्ख! शनिवारच्या बोटीने धाडतोय. आता तुझ्या मामंजींना, आप्पांना सबब उरली नाही. बांगड्या भरून ठेव, मालनच्या हळदीला तूच.

आप्पांना दंडवत. तुझी माया या यंत्रासारखी असावी, मधे चाळण नको.
तुझा महिपत


मांडवी, रत्नागिरी
२९ एप्रिल १९३३

चि. महिपत यास अ. उ. आ. वि. वि.

यंत्र पोचलं. तू म्हणालास तस्संच आहे, पाण्याचे दोन तांबे ओतले की स्वच्छ. पहिल्या दिवशी मामंजींनी पंच्याला बोटीवरची गाठ मारली. ती काही केल्या सुटेना, माझा चांगला पंचा कापावा लागला. त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो.

पण पुढचं ऐक. धुणं सोपं झालं म्हणून मामंजींनी रस पाचाचा नऊ वेळा केला. कोहळा, पपनस, केळीचा गाभा, काही सोडलं नाही. वर आळीतले दोन म्हातारे रोज रस प्यायला बोलावलेत. किसायचं मी, दाबायचं मामंजींनी, पंचे पिळायचे मी, पेले विसळायचे मी. दुपारी पंचे वाळायच्या आत पाहुणे हजर, मग पुन्हा तुझं हिरवं यंत्र निघतं, चाळणीसकट. आगीतून उठले नि फुफाट्यात पडले.

लग्नाचं पुन्हा काढलं तर म्हणाले, आता काम इतकं सोपं झालंय, मग तक्रार कसली? आणि पाहुण्यांना रस कोण देणार? मालनचं पत्र आलंय, ताई नाही तर मला हळदच नको, असं लिहिलंय वेडीने. काल माजघरात बसून मी पोटभर रडले. अरे, यंत्रं कितीही आली तरी धुणारे हात हेच ना?

आता यंत्र धाडू नकोस बाबा. दुसरं काही सुचलं तर बघ. लोभ आहेच, तेवढ्यावरच दिवस ढकलतेय.
सावित्रीताई


मांडवी, रत्नागिरी
७ मे १९३३

रा. रा. महिपतराव यांस आप्पा सारंगाचा रामराम वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मुंबईच्या दुकानदाराला रत्नागिरीच्या एका जाणत्या माणसाचं प्रशस्तिपत्र छापायचंय, मात्र दोन्ही यंत्रं ज्याने दिवसभर स्वतःच्या हाताने धुतली त्याचंच चालेल, हे वाचून माझी छाती फुगली. खोट्यावर सही करायची नाही हा माझा बाणा. म्हणून काल सूनबाईला पाटावर बसवलं आणि धुवायला मी बसलो.

दुपारपर्यंत हिरवं यंत्र. साठाव्या भोकाशी हीर मोडला, शंभराच्या पुढे आकडा चुकला. तिसऱ्या वेळेला अंगठा फुटला आणि त्यात लिंबू गेलं. काय सांगू, वादळात दोर हातातून सरसरत गेला होता तेव्हाही असा ओरडलो नव्हतो! दुपारनंतर नवं यंत्र. ते धुणं सोपं, कबूल. पण किसा, पंचे पिळा, पेले विसळा. आळीतले दोघं आले तेव्हा त्यांना सांगितलं, आज दुकान बंद.

सूनबाई हात मांडीवर ठेवून बसली होती. तेव्हा तिची बोटं मला दिसली. विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, पहिल्या आठवड्यापासून. मग बोलली का नाहीस, असं विचारलं. तर म्हणाली, तुम्ही चाळण बघत होता मामंजी.

महिपतराव, मला जेवढं झोंबायचं तेवढं झोंबलं.

नेम एकोणतिसाव्या दिवशी मोडला. संध्याकाळी मीच चूल पेटवली, पेज केली आणि बांगडे भाजले. एक बाजू करपली. सूनबाई हसली आणि दोन खाल्ले. मी चार खाल्ले. प्रकृती ठणठणीत आहे.

दुकानदाराची ती थाप होती, हे मला कळलं नाही असं समजू नका. धुक्यात खडक ओळखून बोटी हाकल्यात मी. तरी प्रशस्तिपत्र लिहून देतो: यंत्र उत्तम, पण ज्याला रस प्यायचा त्याने ते धुवावं. कोणी छापत असेल तर खुशाल छापा.

उद्याच्या मोटारीने सूनबाईला लांज्याला माहेरी स्वतः पोचवतो. तेराला हळद. तोवर तिने राखेला, पाण्याला, कशाला हात लावायचा नाही, असा हुकूम केलाय. बोटांना खोबरेल चोळून बसवलीय. चिरा भरून येऊ देत. आईवेगळ्या पोरीच्या गालाला ते हात खरखरीत लागता कामा नयेत.

लग्नाला मी आहेच. पंक्तीत मला रस वाढू नये, एवढा लोभ असावा.
आप्पा सारंग