डाव्या डोळ्याची हकीकत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (या वेळी अगदी खराखुरा. डॉक्टरांनी दिवसरात्र पालथं पडून राहायला सांगितलंय, त्यामुळे जो खोलीत येईल त्याला नमस्कार मिळतो. काल दूधवाल्यालाही मिळाला.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे एक डोळा सोडून सगळं ठीक.

तुला माहीतच आहे, साखर माझ्या अंगात वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे आणि मी तिचे लाडच केले. तिने डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोखरल्या, त्या आत गळायला लागल्या, आणि मला पत्ताच नाही. लागणार कसा? शिंप्याचा जन्म. सुई ओवायची तर डावा मिटायचा, शिवण सरळ आली का बघायची तर डावा मिटायचा. तो कधी गेला हे बघायला कोण बसलंय? शेवटी उजव्यात धुरळा गेला म्हणून चोळत बसलो, तर गिऱ्हाईकच नाहीसं झालं. समोर नुसतं काळं जाळं. मी म्हटलं, जरा पुढे या. तो बिचारा माझ्या टेपमध्ये अडकून उभा होता.

उजव्याला लेसर दिला. (गळक्या जागा उजेडाने डागून बंद करतात.) डॉक्टर म्हणाले, हलू नका. हेच मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, एकाने कधी ऐकलं नाही. मीही हललो आणि बोलणी खाल्ली. तो वाचेल म्हणतात. डाव्याचं ऑपरेशनच करावं लागलं. साचलेलं रक्त काढलं, सुटलेला पडदा परत बसवला आणि तो दाबून राहावा म्हणून आत गॅसचा फुगा भरला. फुगा वर चढतो, म्हणून मी पालथा. शेजारचा इस्त्रीवाला भेटायला आला, तो तोंड दिसावं म्हणून खाटेखाली आडवा झाला आणि तिथेच घोरायला लागला. हिने त्याला झाडूने बाहेर काढलं. हसलो खरा, पण ताई, फार भीती वाटते गं. उजव्यानेही दगा दिला तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. लिहायचं ते राहिलंच. डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं, डाव्याला उजेड-अंधार कळेल, त्यापुढे आशा धरू नका. हिला मी बोललेलो नाही. फुगा विरला की दिसायला लागेल, असं ती धरून बसलीये. रोज सकाळी खाटेशी जमिनीवर बसते, माझा उजवा डोळा तळहाताने झाकते आणि विचारते, "किती बोटं?" मी ठोकून देतो, दोन. ती म्हणते, बरोबर. तू ये आणि तूच तिला सांग. माझ्याने होत नाही.

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, बरं झालं. आजही मी दोन म्हटलं, आजही ती बरोबर म्हणाली. पण उजव्यावरचा तळहात जरा सरकला होता. तिने समोर एकही बोट धरलं नव्हतं. दुसरा हात तिने स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. तिला काही सांगू नकोस. नुसती ये.