हिरडीवरची निळी रेघ

मी, तेलरंगात माणसांचे चेहरे रंगवून पोट भरणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहवून घेत आहे. अक्कल शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो दादाला दोनदा वाचून दाखवावा.

१. माझा मोठा आरसा थोरल्या भावाला, म्हणजे दादाला द्यावा. "रंग फासून कुणाचं भलं झालंय?" असे तो चाळीस वर्षे विचारत आला. माझ्या आजाराने त्याचे म्हणणे खरे ठरले म्हणून त्याने हुरळून जाऊ नये.

२. कलाशाळेच्या जिन्यात जुन्या मास्तरांनी काढलेले स्वतःचेच चित्र टांगलेले आहे. मास्तर माझ्या जन्माआधीच गेले. शिकवणी परवडत नव्हती, म्हणून त्या चित्राची नक्कल करत मी शिकले. चित्रात कुंचला डाव्या हातात, म्हणून मीही सहा महिने डाव्या हाताने रंगवले. शेवटी तिथला म्हातारा पहारेकरी म्हणाला, "अहो बाई, आरशात बघून काढलंय ते! मास्तर उजवेच होते." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तरी खोड गेली नाही. पहारेकऱ्याकडून कळले, की मास्तर शिशाचा सफेदा, म्हणजे पांढरा रंग, घरी घोटत, म्हणून मीही घोटला. ते कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवत, म्हणून मीही जुळवले. चित्रातल्या किंचित उघड्या ओठांत, खालच्या हिरडीवर, एक बारीक निळसर रेघ आहे. ती मला त्यांची शैली वाटली. अकरा नकलांत अकरा वेळा मी ती मन लावून काढली.

३. गेल्या वर्षी दात घासताना तीच रेघ माझ्या हिरडीवर दिसली. मग उजवे मनगट लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, "शिसं भिनलंय अंगात. ही रेघ त्याचीच." मास्तरही हात लुळा पडूनच गेले, हे पहारेकऱ्याने मला तेव्हाच सांगितले होते. मी या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले.

४. राहते घर भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावे. घरात तिला ठकी म्हणतात. नऊ वर्षे ती माझ्याकडे शिकते आहे, माझ्याच नकलांवरून, माझ्याच सफेद्याने. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवायलाही मीच शिकवले. आता चारदा बजावले, तर म्हणते, "आत्या, तुझ्या पांढऱ्यापुढे बाजारातला पांढरा म्हणजे नुसता चुना गं," आणि बोलता बोलता कुंचला ओठांत धरते. सांगून ऐकत नाही, म्हणून अट घालते. ठकीचे रक्त तपासले आणि तिने सफेदा कायमचा सोडला, असे डॉक्टरांनी लिहून दिले तरच घर तिचे. नाहीतर ते दादाचे. दादा त्याचे गोदाम करील, हे तिला पक्के ठाऊक आहे.

५. सफेद्याचे दोन्ही डबे डॉक्टरांनी न्यावेत. जाळू नयेत, धूरही वाईट.

६. काल ठकीने पहिल्यांदाच स्वतःच्या चेहऱ्याचे चित्र पुरे केले. माझ्यापेक्षा सरस आहे, हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही. ओठ किंचित उघडे, हिरडीवर रेघ. मी विचारले, "ही रेघ माझ्या नकलेवरून घेतलीस ना?" तिने हो म्हणावे म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

ती म्हणाली, "नाही गं आत्या. आरशात बघूनच काढली."

म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न बघता, ठकीला समोर बसवून, आजच वाचावे.

मजकूर मी सांगितला, चित्रांच्या चौकटी करणाऱ्या शेजाऱ्यांनी लिहिला. उजव्या हाताने लेखणी धरवत नाही, म्हणून सही डाव्या हाताने केली आहे. ती सहा महिन्यांची चूक तेवढी कामी आली.

सही (डाव्या हाताची)

साक्षीदार: १. डॉक्टर
२. चौकटवाले

स्थळ: उत्तरेच्या खिडकीची खोली, वरचा मजला
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळी